हद्दपार राजपुत्राचा पूर्ण हिशेब: ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’च्या ब्लू-रे संचाचे परीक्षण

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही ॲनिमेशन मालिका अमेरिकेतील निकलोडियन वाहिनीवर फेब्रुवारी २००५ पासून जुलै २००८ पर्यंत दाखवली गेली. मायकेल दांते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को हे तिचे निर्माते. जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन खंडांत तिचे ६१ भाग आहेत आणि ते सर्व ९ डिस्कच्या एका ब्लू-रे संचात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपुरात हा संच दुकानाच्या फळीवर सहसा दिसत नाही. तो बाहेरून मागवावा लागतो किंवा परदेशातून येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला आणायला सांगावा लागतो. घरबसल्या सर्व काही फोनवर पाहता येण्याच्या दिवसांत एवढा खटाटोप करावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जरूर करावा’ असे आहे, आणि त्याचे कारण झुको नावाचा, बापाने देशाबाहेर हाकलून दिलेला एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. खलपात्र सुधारल्याच्या गोष्टी मुलांच्या चित्रपटांत पुष्कळ असतात. मात्र त्या सुधारण्याची किंमत पैसापैसा करून वसूल करणारी गोष्ट मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. ती वसुली दिसण्यासाठी सर्व भाग क्रमाने आणि सलग पाहावे लागतात. पुढील मजकुरात कथेतील बहुतेक वळणे उघड केली आहेत, तेव्हा ज्यांना ती आधी कळू नयेत असे वाटते त्यांनी मालिका पाहून मगच हे परीक्षण वाचावे.

आधी वस्तूविषयी. मालिका मुळात आजच्या हाय डेफिनिशन दर्जात बनलेली नव्हती. ती जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीसाठी काढली गेली होती, आणि ब्लू-रेसाठी तेच चित्र मोठे करून घेतलेले आहे. त्यामुळे रुंद पडद्याच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते घालवण्यासाठी चित्र ताणू नये, कारण ताणलेल्या चित्रात चेहरे बसके होतात आणि या मालिकेत चेहरे फार महत्त्वाचे आहेत. रेषा जुन्या डीव्हीडीपेक्षा स्वच्छ दिसतात, रंग भरीव आहेत, परंतु आज बनणाऱ्या चित्रपटांसारखी धार अपेक्षू नये. खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका ‘ए’ विभागात येते आणि भारत ‘सी’ विभागात. माझ्याकडचा प्लेअर सर्व विभागांच्या डिस्क चालवतो म्हणून मला अडचण आली नाही, पण इतरांनी विक्रेत्याला आणि प्लेअरच्या माहितीपत्रकाला विचारल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. मराठी किंवा हिंदी ध्वनी संचात नाही, ही आपल्याकडच्या घरांसाठी सर्वांत मोठी उणीव आहे. आमच्या घरी माझा मुलगा त्याच्या आजीसाठी शेजारी बसून मराठीत सांगत गेला, आणि ही व्यवस्था इतकी चांगली चालली की काही प्रसंगांचा अर्थ मला त्याच्या सांगण्यातून अधिक स्पष्ट झाला.

नागपूरकरांसाठी आणखी एक व्यावहारिक सूचना. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी डेझर्ट कूलर पूर्ण वेगाने चालू असताना या मालिकेतील हळू आवाजातले संवाद ऐकू येत नाहीत, आणि झुकोचा काका आयरोह हा तर महत्त्वाचे सर्व काही हळू आवाजातच बोलतो. वेगळा स्पीकर जोडावा किंवा सूर्य मावळल्यावर, कूलर कमी वेगावर आणून पाहावे. साधारण २३ मिनिटांचा एक भाग असल्याने जेवणापूर्वी दोन भाग आरामात होतात.

आता मूळ विषय. कथेत चार राष्ट्रे आहेत आणि प्रत्येक राष्ट्रातील काही माणसांना जल, पृथ्वी, अग्नी वा वायू यांपैकी एक तत्त्व वळवता येते. अग्निराष्ट्राने शंभर वर्षांपासून जगावर युद्ध लादले आहे, वायुपंथी भिक्षूंचा संहार केला आहे, आणि त्यांतून वाचलेला आंग हा बारा वर्षांचा मुलगा चारही तत्त्वे वळवू शकणारा अवतार आहे. झुको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. पहिल्या खंडात तो आंगचा पाठलाग करणारा, चिडका, सतत ओरडणारा शत्रू म्हणून येतो. त्याच्या डाव्या डोळ्याभोवती भाजल्याचा मोठा व्रण आहे आणि सुरुवातीला प्रेक्षकाला तो व्रण खलनायकाच्या चेहऱ्यावर नेहमी असतो तसला वाटतो. व्रणाची हकिकत बाराव्या भागात कळते. तेरा वर्षांच्या झुकोने युद्धपरिषदेत एका सेनापतीच्या योजनेला विरोध केला होता, कारण त्या योजनेत नवशिक्या सैनिकांची तुकडी आमिष म्हणून मरायला पाठवली जाणार होती. या उद्धटपणाबद्दल त्याला अग्निद्वंद्वाला उभे राहावे लागले, समोर प्रत्यक्ष बाप आला, मुलगा गुडघ्यांवर बसून क्षमा मागू लागला, आणि बापाने त्याचा चेहरा जाळून त्याला हद्दपार केले. अवतार पकडून आणशील तरच परत ये, अशी अट घातली गेली. अवतार तेव्हा शंभर वर्षांत कोणाला दिसलेला नव्हता.

येथे कमी कुवतीच्या लेखकांनी झुकोला सोडवून टाकले असते. मुलगा दुखावलेला आहे, दोष बापाचा आहे, आता प्रेक्षकाने त्याला जवळ घ्यावे. या मालिकेचे लेखक दया निर्माण करतात, पण त्या दयेच्या बदल्यात त्याच्या खात्यावरचे काहीही पुसत नाहीत. ज्या भागात व्रणाची हकिकत कळते त्यानंतरही तो गावांत शिरून लोकांना धमकावत राहतो. दुःखाने वागण्याचे कारण कळते, वागणे माफ होत नाही, हा नियम मालिका इतरांनाही लावते. जेट नावाचा अनाथ मुलगा, ज्याचे गाव अग्निराष्ट्राने जाळले, तो सूडापोटी धरण फोडून निरपराध लोकांसकट एक गाव बुडवायला निघतो. तिसऱ्या खंडातील हामा ही वृद्ध स्त्री तर सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. दक्षिणेच्या जलजमातीतून पकडून नेलेली ही स्त्री अनेक वर्षे पिंजऱ्यात राहिली, पौर्णिमेच्या रात्री उंदरांच्या शरीरातील रक्त वळवण्याचा सराव करत तिने सुटका करून घेतली, आणि सुटल्यावर तेच कौशल्य गावातल्या साध्या माणसांना कोंडण्यासाठी वापरू लागली. तिच्यावर झालेला अन्याय मालिका पूर्ण गांभीर्याने दाखवते आणि तिच्या कृत्याला नावही स्पष्ट देते. माझ्या मुलाने आजीला ही गोष्ट सांगताना ‘ती चांगली होती की वाईट’ या प्रश्नापाशी बराच वेळ थांबून शेवटी ‘तिचं खरं होतं, पण केलं ते वाईट’ असे सांगितले, आणि मला वाटते एवढे कळले तरी संचाची किंमत वसूल झाली.

झुकोकडे परत येऊ. दुसऱ्या खंडात तो आणि आयरोह अग्निराष्ट्राचेच गुन्हेगार ठरतात, नदीकाठी दोघे आपापली शेंडी कापून पाण्यात सोडतात आणि पृथ्वीराज्यात निर्वासितांसारखे भटकतात. याच खंडाच्या सातव्या भागात झुको एकटाच आहे. भुकेलेला, नाव लपवलेला तो एका खेड्यात पोहोचतो; तेथे एका शेतकरी कुटुंबात त्याला जेवण आणि काम मिळते, घरातील लहान मुलाशी मैत्री होते, आणि त्या मुलाला गावगुंड झालेल्या सैनिकांपासून वाचवण्यासाठी तो लढतो. लढताना अग्नी वापरावा लागतो, आपले खरे नाव सांगावे लागते. साऱ्या गावाची नजर त्याच क्षणी बदलते. मुलाला भेट दिलेला खंजीर तो पुन्हा त्याच्यापुढे धरतो, आणि ज्याला त्याने वाचवले तो मुलगा ‘मला तुझा तिरस्कार वाटतो’ म्हणून पाठ फिरवतो. त्या मुलाचा भाऊ याच युद्धात पकडला गेला आहे. झुकोच्या राष्ट्राने त्याच्या घराचे जे केले ते एका चांगल्या कृत्याने फिटणारे नाही. मुलांसाठीच्या ॲनिमेशनमध्ये चांगुलपणाला बक्षीस न देण्याचे धैर्य दाखवणारा हा भाग मला संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम वाटतो.

दीक्षाभूमीच्या या शहरात अंगुलिमालाची कथा अनेक घरांत सांगितली जाते. लोकांची बोटे कापून त्यांची माळ गळ्यात घालणारा तो खुनी बुद्धांना भेटतो आणि भिक्षू होतो, इथपर्यंतचा भाग सर्वांना आठवतो. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातील त्याच्यावरचे सुत्त मात्र तेथे संपत नाही. भिक्षू अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांनी फेकलेली ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या त्याला लागतात, डोके फुटते, भिक्षापात्र मोडते, चीवर फाटते, आणि तशा रक्ताळलेल्या अवस्थेत तो परत येतो तेव्हा बुद्ध त्याला हे सहन करायला सांगतात. दगड फेकणाऱ्यांना कोणी दोष देत नाही. ‘अवतार’ पाहताना मला पुन्हा पुन्हा हाच उत्तरार्ध आठवत राहिला, कारण माणूस आतून बदलला म्हणून ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यावर क्षमेचे बंधन येत नाही, ही समज दोन्हीकडे सारखी आहे. आपल्या शाळांतून वाल्याचा वाल्मीकी होतो ती गोष्ट सांगितली जाते तेव्हा वारुळ येते, रामनाम येते, आणि लुटले गेलेले वाटसरू कोठेच येत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

दुसऱ्या खंडाच्या शेवटी मालिका आपली सर्वांत कठोर खेळी करते. बा सिंग से या नगरात आयरोहने चहाचे दुकान काढलेले असते, झुको तापातून उठून शांत झालेला असतो, पहिल्यांदाच हसू लागलेला असतो. भूमिगत गुहेत तो आणि आंगची सोबतीण, जल वळवणारी कटारा, कैदी म्हणून एकत्र सापडतात. दोघेही आईविना वाढलेली, आणि कटारा त्याचा व्रण पवित्र जलाने भरून काढता येईल का, असे विचारत त्याच्या गालाला हात लावते. प्रेक्षकाची खात्री होते की आता हा आपल्या बाजूला आला. त्यानंतर बहीण अझुला त्याला घरी परतण्याची आणि बापाच्या मानाची लालूच दाखवते, आणि झुको तिच्या बाजूने लढतो. आंग विजेने कोसळतो, आयरोह पकडला जातो आणि पुतण्याकडे पाहण्याचेही नाकारून तोंड फिरवतो. या भागानंतर माझ्या सासूबाई खरोखर संतापल्या. ‘काऊन गा, मोठ्या बाबानं पोटच्या पोरावानी सांभाळलं, तरी हा पोट्टा बहिणीच्या मागं गेला?’ असे त्यांनी नातवाला विचारले, जणू अपराध त्याचाच होता. नातवाकडे उत्तर नव्हते. ते असूही नये, कारण तिसऱ्या खंडाचा पूर्वार्ध हेच उत्तर शोधण्यात जातो.

झुकोला हवे ते सर्व मिळते: राजवाडा, बापाची शाबासकी, गर्दीचा जयजयकार. आणि तो पूर्वीपेक्षा अधिक चिडका होतो. बाहेरून लादलेल्या वनवासापेक्षा आतून उमगलेली चूक त्याला अधिक जाळते, हे दाखवायला लेखकांनी घाई केलेली नाही. सूर्यग्रहणाच्या दिवशी तो बापासमोर उभा राहतो आणि तेरा वर्षांच्या मुलाशी असे वागणे क्रौर्य होते, हे त्याला तोंडावर सांगतो. बापाने सोडलेली वीज तो परतवतो, ती परतवण्याची विद्या आयरोहने जलवळवणाऱ्यांचा अभ्यास करून तयार केलेली असते. येथून तो स्वतःहून बाहेर पडतो. यावेळी त्याला कोणी हाकललेले नसते.

आंगच्या गटाकडे जाण्याचा भाग मी प्रत्येक पालकाने मुलांसोबत पाहावा असे सुचवीन. झुको एका बेडकासमोर आपले क्षमायाचनेचे भाषण पाठ करतो. प्रत्यक्ष बोलताना मात्र सर्व बिघडते. तुमच्यावर मारेकरी मीच पाठवला होता हेही तो कबूल करून बसतो आणि त्याला हाकलून दिले जाते. रात्री आंगच्या गटातील टॉफ ही आंधळी मुलगी समजुतीने त्याच्याकडे येते, तर तो दचकून अग्नी सोडतो आणि तिचेच पाय भाजतात. शेवटी त्याला आत घेतले जाते तेव्हाही कटारा त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून सांगते की तू एकदा जरी पाय घसरू दिलास तर तुझा शेवट मी करीन. लेखक तिला चूक ठरवत नाहीत. गुहेत विश्वास तिने ठेवला होता आणि घात तिचाच झाला होता, त्यामुळे तिचा राग मालिकेने जपून ठेवला आहे. तो कित्येक भाग टिकतो, आणि तो ओसरतो तेव्हाही झुकोच्या गोड बोलण्याने ओसरत नाही. तिच्या आईच्या मारेकऱ्याचा शोध घ्यायला झुको तिच्याबरोबर जातो. तो म्हातारा, भेदरलेला माणूस समोर सापडल्यावर ती त्याला मारत नाही, आणि क्षमाही करत नाही. दोन्ही गोष्टी ती आंगला स्पष्ट सांगते. त्यानंतर ती झुकोला क्षमा करते. एका भागात क्षमा नाकारण्याचा आणि क्षमा देण्याचा हक्क एकाच मुलीच्या हातात ठेवणे हे लेखनाचे मोठे कौशल्य आहे.

आयरोहच्या तंबूतील प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. झुको रात्रभर झोपलेल्या काकाजवळ बसून राहतो, सकाळी रडत माफी मागू लागतो, आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच आयरोह त्याला ओढून मिठीत घेतो. ही क्षमा इतकी सहज मिळते ती आयरोहची आहे म्हणून, आणि कटाराची क्षमा इतकी कष्टाने मिळाली हे नुकतेच पाहिलेले असते म्हणून ती सहजता गोड वाटत नाही, खोल वाटते. सुटे तुकडे पाहणाऱ्याला हा प्रसंग नुसता भावुक वाटेल. सलग पाहण्याचा आग्रह मी धरते तो यासाठी.

चित्रकारांचे काम या सर्वांच्या बरोबरीचे आहे. मालिकेचे ॲनिमेशन दक्षिण कोरियातील स्टुडिओंनी केले आणि युद्धाच्या हालचालींसाठी खऱ्या युद्धकलांचा आधार घेतला गेला. अग्नी वळवणाऱ्यांना उत्तर शाओलिन पद्धत दिली आहे, जल वळवणाऱ्यांना ताई ची. झुकोचा राग गेल्यावर त्याचा अग्नी क्षीण होतो आणि त्याला नव्याने, दोन ड्रॅगनांसमोर, अग्नी म्हणजे जीवन असे शिकावे लागते. त्या आधीची आणि नंतरची त्याची हालचाल शेजारी ठेवून पाहिली तर फरक उघड दिसतो. शेवटच्या भावंडांच्या द्वंद्वात अझुलाचा निळा आणि झुकोचा नारिंगी अग्नी पडदाभर पसरतो, आणि आगीचा आवाज दाबून जेरेमी झुकरमन यांचे संथ, शोकाकुल संगीत वर येते. येथे आपण भाऊबहिणीचे नाते तुटताना पाहतो आहोत, विजय पाहत नाही, हे मुलांनाही न सांगता कळते. या एका प्रसंगासाठी चांगल्या आवाजाची सोय करावी.

नागपूरच्या मुलांना वाईटाला गावाबाहेर नेण्याची रीत लहानपणापासून ठाऊक असते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक जुन्या वस्तीतून निघते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या उठतात, बडगे म्हटल्या जाणाऱ्या पुतळ्यांवर त्या वर्षीचे सार्वजनिक राग लिहिलेले असतात, आणि शेवटी पुतळे जाळले जातात. या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे. समाजाने आपला राग उघडपणे, सर्वांसमोर व्यक्त करावा हे आरोग्याचे लक्षण आहे. ‘अवतार’ त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: हाकललेला एखादा जिवंत माणूस एके दिवशी दाराशी येऊन उभा राहिला तर दार उघडणाऱ्याने त्याच्याकडून काय काय मागावे? प्रश्न सोपा नाही, आणि मालिका त्याची सोपी उत्तरे देत नाही. पहिल्या खंडाच्या शेवटी समुद्राचा आत्मा झाओ या सेनानीला ओढून नेत असताना त्याचा शत्रू झुको हात पुढे करतो आणि झाओ तो हात धरण्यास नकार देतो. म्हणजे ज्याला परत यायचेच नाही त्याची सोयही लेखकांनी लक्षात ठेवली आहे.

दीड तासाच्या चित्रपटांना हे साधणे अवघड असते. २०१० मध्ये ‘डेस्पिकेबल मी’ आणि ‘मेगामाइंड’ हे दोन चित्रपट आले. दोन्हींत खलनायकच नायक आहे, दोन्ही मला आवडतात, परंतु दोन्हींत प्रेम मिळाले की माणूस सुधारतो आणि ज्यांचे नुकसान झाले ती माणसे शेवटच्या गर्दीत टाळ्या वाजवतात. ‘फ्रोझन’मधील एल्सा सुरुवातीच्या आराखड्यात खलपात्र होती आणि नंतर ती भयाने एकटी पडलेली बहीण झाली, हा बदल चित्रपटाच्या फार भल्याचा ठरला, तरी तिने गोठवलेल्या राज्याचा प्रश्न शेवटी मिनिटभरात मिटतो. हायाओ मियाझाकी यांचा १९९७ चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ मात्र वेगळ्या उंचीवर आहे. त्यातील एबोशी जंगल तोडते, देवांवर बंदुका चालवते, आणि तीच कुष्ठरोग्यांना आसरा देते, त्यांच्या जखमांना स्वतः हात लावते, विकल्या गेलेल्या स्त्रियांना सोडवून काम देते. पट्ट्या बांधलेल्या त्या कामगारांचे दृश्य पाहताना विदर्भातील प्रेक्षकाला वरोऱ्याजवळचे आनंदवन आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि मग जंगलाच्या बाजूने उभे राहून एबोशीला शाप देणे त्याला तितकेसे जमणार नाही. बहिष्कृतांना सावली देणारीच व्यक्ती दुसऱ्या कोणाचा काळ ठरते, हा पेच मियाझाकींनी सोडवलेला नाही, तो तसाच समोर ठेवला आहे.

संचाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही कथेच्या हिशेबाशीच संबंधित आहेत. पहिली आयरोहविषयी. हा प्रेमळ, चहावर जीव टाकणारा काका एके काळी अग्निराष्ट्राचा सेनापती होता आणि त्याने बा सिंग सेला ६०० दिवस वेढा घातला होता. पूर्वस्मृतीच्या एका दृश्यात त्याचे वेढ्यातून आलेले पत्र वाचले जाते. हे नगर तुम्हाला कधी तरी पाहायला मिळावे, अर्थात आम्ही आधी जाळून टाकले नाही तर, अशा आशयाचा विनोद त्यात असतो आणि सारे कुटुंब हसते. त्या वेढ्यात त्याचा मुलगा मेला. दुसऱ्या खंडातील ज्या भागात आयरोह टेकडीवर मुलाच्या चित्रापुढे गाणे म्हणतो, तो आयरोहचा आवाज असलेल्या आणि २००६ मध्ये निधन पावलेल्या माको या अभिनेत्याला अर्पण केलेला आहे, आणि तेथे आमच्या घरी कोणाच्याही डोळ्यांत पाणी यायचे राहिले नाही. तरीही प्रश्न उरतो. त्या वेढ्यात बा सिंग सेची जी मुले मेली, त्यांच्या आईबापांसमोर आयरोह कधी उभा राहतो का? तो त्यांना चहा देतो, शेवटी नगर मुक्तही करतो. पण मी कोण होतो हे तो त्यांना सांगताना दिसत नाही. झुकोकडून पै न पै वसूल करणाऱ्या लेखकांनी काकाला उधारी सोडून दिली आहे.

दुसरी तक्रार अझुलाची, आणि ती अधिक गंभीर आहे. ती चौदा वर्षांची आहे. झुकोला बापाने नाकारले म्हणून त्याच्याबरोबर वनवासात आयरोह आला. अझुलाला बापाने जवळ केले म्हणून तिच्याजवळ कोणीच आले नाही. समुद्रकिनाऱ्यावरील भागात ती तुटक आवाजात सांगते की आई मला राक्षस समजत होती, आणि लगेच सावरून घेते. शेवटी ती भ्रमिष्ट होते, आरशात आई दिसू लागते, आणि साखळदंडांनी जखडलेली ती जमिनीवर तळमळत रडते आहे, तेवढ्यावर कॅमेरा तिला सोडून जातो. त्यानंतर झुकोचा राज्याभिषेक होतो, सर्व मित्र चहाच्या दुकानात जमतात, आणि तिचे नावही निघत नाही. तिची पुढची हकिकत नंतरच्या चित्रकथांत आहे, या संचात नाही. तिला सोडवायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. तिने आंगचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, भावावर वीज सोडली. ते सर्व तिच्या खात्यावर राहणारच. पण ज्या मालिकेने एका हद्दपार मुलाची गोष्ट इतक्या जबाबदारीने सांगितली, तिने दुसऱ्या मुलीला कोठडीच्या दारापर्यंत तरी सोबत करायला हवी होती, एवढे मला वाटते. माझा मुलगा शेवटच्या भागानंतर पहिले वाक्य ‘अझुलाचं काय झालं?’ असे बोलला.

या दोन उणिवा मान्य करूनही मी हा संच निःशंकपणे सुचवते. इंग्रजी समजणारी नऊ-दहा वर्षांवरील मुले तो स्वतः पाहू शकतील. त्याहून लहान मुलांसोबत मोठ्यांनी बसावे, विशेषतः हामाच्या भागाला. पहिल्या खंडाच्या मध्यावर काही भाग हलके आहेत, त्यांना कंटाळून मालिका सोडू नये. ज्यांच्याकडे ब्लू-रे प्लेअर नाही त्यांनी केवळ या संचासाठी प्लेअर घ्यावा असे मी म्हणणार नाही. ओळखीच्यांत कोणाकडे असेल तर सुट्टीभर दोन-तीन घरांनी मिळून पाहावे, कारण या मालिकेवर भांडायला माणसे हवीत. आणि दुसऱ्या खंडाची शेवटची डिस्क संपल्यावर तिसऱ्याची पहिली लगेच लावू नये. मधे चार-आठ दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे मुलांना झुकोवर मनसोक्त चिडता येईल.